दहा बाय पंधराच्या खोलीतला खर्ज

नवा सबवूफर घरी येतो आणि पहिल्याच संध्याकाळी घरात दोन पक्ष पडतात. भिंतीला टेकवलेल्या सोफ्यावर बसलेल्यांना डग्गा असह्य घुमतो. खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेल्यांना तो जेमतेम ऐकू येतो. दोन्ही पक्षांचं म्हणणं खरं असतं. मग कुणी अ‍ॅम्प्लिफायरला दोष देतं, कुणी वायर बदलायचा सल्ला देतं, कुणी याहून मोठा वूफर घेऊन येतं. मोठ्या वूफरनंतरही घुमणारे स्वर तेच राहतात, कारण ते वूफरचे नसतातच. साधारण २०० हर्ट्झच्या खाली आपण जे ऐकतो, त्यात स्पीकरइतकाच, कधी कधी त्याहूनही जास्त, वाटा खोलीचा असतो. आणि हा वाटा मोजपट्टी आणि एक साधा भागाकार यांच्या बळावर, एक रुपयाही खर्च न करता, आधीच काढता येतो.

न्हाणीघरातला प्रयोग

चार फूट रुंदीच्या न्हाणीघरात दार लावून खालच्या पट्टीत ‘ऊ’ असा स्वर धरावा आणि तो हळूहळू चढवत न्यावा. एका ठरावीक ठिकाणी आवाज एकाएकी फुगतो आणि भिंतीच गायला लागल्यासारखं वाटतं. चार फुटांसाठी ही जागा १४२ हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे. थोडं आणखी वर गेलं की फुगवटा नाहीसा होतो. गळा तोच, जोर तोच. तेवढ्या एका स्वराला खोलीने साथ दिलेली असते.

हे कसं घडतं? २७ अंश तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४८ मीटर, म्हणजे ११४० फूट जातो. स्वर जितका खालचा, तितकी त्याची लाट लांब. १०,००० हर्ट्झची लाट दीड इंचाहूनही लहान असते, १,००० हर्ट्झची सुमारे १४ इंच, आणि ५७ हर्ट्झची थेट २० फूट. दोन समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर लाटेच्या बरोबर निम्मं असलं, की भिंतीवरून परतणारी लाट पुढे जाणाऱ्या लाटेशी नेमकी जुळते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीत भर घालते आणि स्वर साचत जातो. यालाच स्थिर तरंग म्हणतात. ध्वनितज्ज्ञांच्या बोलण्यात तो खोलीचा ‘मोड’ असतो.

त्यामुळे हिशोब सोपा आहे. ५७० या आकड्याला खोलीच्या फुटांतल्या मापाने भागायचं. येणारं उत्तर हा त्या दिशेचा पहिला मोड. त्याची दुप्पट म्हणजे दुसरा, तिप्पट म्हणजे तिसरा. लांबी, रुंदी आणि उंची यांचा असा वेगवेगळा हिशोब मांडला, की खोलीची जन्मपत्रिका हातात येते. तिरक्या दिशांनीही मोड तयार होतात, पण त्यांचा जोर बहुधा कमी असतो.

आता दोन पक्षांचं कोडंही सुटतं. स्थिर तरंगात हवेचा दाब सगळीकडे सारखा बदलत नाही. पहिल्या मोडमध्ये तो दोन्ही भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. दुसऱ्या मोडमध्ये भिंतींपाशी आणि मध्यावर जास्त, तर पाव आणि पाऊण अंतरावर शून्य. भिंतीला पाठ लावून बसणारा त्या दिशेच्या सगळ्या मोडच्या शिखरावर बसलेला असतो. खोलीच्या मध्यावरचा श्रोता पहिल्या मोडच्या खळग्यात असतो. आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटवून ठेवायची रीत आहे. जागा वाचते, पण खर्ज बिघडतो.

आपल्या फ्लॅटची अडचण

शहरी फ्लॅटमधला एक नेहमीचा हॉल घेऊ: १५ फूट लांब, १० फूट रुंद, स्लॅबपर्यंत साडेनऊ फूट उंच. लांबीचे मोड येतात ३८, ७६ आणि ११४ हर्ट्झवर. रुंदीचे ५७ आणि ११४ वर. उंचीचे ६० आणि १२० वर.

या आकड्यांकडे जरा निरखून पाहावं. रुंदी आणि उंची जवळपास सारखी असल्यामुळे ५७ आणि ६० एकमेकांना खेटून बसले आहेत. लांबी रुंदीच्या बरोबर दीडपट असल्यामुळे ११४ हर्ट्झवर दोन मोड एकमेकांवर चढले आहेत आणि तिसरा १२० वर शेजारीच आहे. म्हणजे ६० आणि ११५ च्या आसपास दोन ढिगारे, आणि ३८ ते ५७ च्या मधे एकही मुख्य मोड नसलेली मोकळी पट्टी. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये परिस्थिती आणखी अवघड होते, कारण तिथे लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशा जवळजवळ एकच स्वर घुमवतात.

काही रेकॉर्डिंग छान वाजतात आणि काही डोकं उठवतात, त्याचा खुलासाही इथेच मिळतो. पांढरी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६५ हर्ट्झवर असतो. आपल्या हॉलमध्ये तो ढिगाऱ्याच्या जरा वर, मोकळ्या जागेत पडतो. पट्टी काळी दोन असेल तर खर्ज जवळपास ७८ वर जातो आणि लांबीच्या ७६ च्या मोडला भिडतो. एरवी तंबोऱ्यात मूळ कंपनापेक्षा वरचे स्वरांशच जास्त जोमदार असतात. खोली मात्र नेमका तो नाजूक भाग फुगवून ठेवते. डग्ग्याचं तर विचारूच नये. मनगटाच्या दाबाने तबलजी त्याचा स्वर सरकवत नेतो, आणि तो स्वर एखाद्या मोडवरून जाताना मधेच मोठा होतो. वादकाने न केलेलं वजन खोली त्यात घालते.

दुसरी अडचण बांधकामाची. अमेरिकेतल्या अनेक घरांच्या आतल्या भिंती लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्सम बोर्डाच्या असतात. खालच्या स्वरांना त्या किंचित हलतात आणि थोडी ऊर्जा खाऊन टाकतात. आपल्या विटांच्या, प्लास्टर केलेल्या भिंती आणि काँक्रीटचे स्लॅब हलत नाहीत. खर्ज जवळजवळ जसाच्या तसा परत पाठवतात. म्हणून आपल्या खोलीतली शिखरं जास्त उंच आणि टोकदार असतात, आणि स्वर थांबायला वेळही जास्त लागतो. पाश्चात्त्य पुस्तकांतला सल्ला इथे अपुरा पडतो, त्याचं हे मोठं कारण आहे.

स्वर रेंगाळणं हा प्रश्न मोठेपणाहून जास्त त्रासाचा आहे. मध्य लयीत मिनिटाला १२० मात्रा पडत असतील, तर दोन मात्रांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाचं. मोडवर सापडलेला खर्ज विरायला सेकंदभर लागला, तर पहिल्या मात्रेचा घुमार दुसरी मात्रा झाकतो. लय लडबडीत वाटते आणि दोष वादकाच्या माथी जातो.

मोठ्या सभागृहात हे का होत नाही

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांनी १९५४ मध्ये याच प्रश्नाचा गणिती विचार मांडला. खालच्या पट्ट्यात मोड सुटे सुटे असतात. वर जावं तशी त्यांची गर्दी वाढते आणि एका हद्दीनंतर ते एकमेकांत मिसळून जातात. ही हद्द खोलीच्या घनफळावर आणि आवाज विरायला लागणाऱ्या वेळावर ठरते. आपला हॉल सुमारे ४० घनमीटरचा. त्यात आवाज अर्ध्या सेकंदात विरतो असं धरलं, तर हद्द २२० हर्ट्झच्या आसपास येते. बोस्टनचा सिंफनी हॉल १८,७५० घनमीटरचा आणि तिथे आवाज विरायला सुमारे १.९ सेकंद लागतात. तिथली हद्द २० हर्ट्झवर, म्हणजे माणसाच्या श्रवणाच्या तळाशीच येते. तिथे सुटा मोड कुणाच्या कानावर पडतच नाही. खर्ज घुमणं हे छोट्या खोलीचंच दुखणं आहे.

त्यात आपल्या कानांची भर पडते. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून दिसलं, की खालचे स्वर ऐकू यायला मुळात जास्त दाब लागतो. पण एकदा ते ऐकू येऊ लागले की दाबातल्या थोड्याशा वाढीनेही ते फार मोठे वाटू लागतात. १,००० हर्ट्झला पाचसहा डेसिबलचा फरक सहज खपून जातो. तोच फरक ५० हर्ट्झला ठळकपणे जाणवतो.

फुकटचा उपाय आधी

पहिला उपाय म्हणजे सोफा हलवणं. मागच्या भिंतीपासून दोनतीन फूट पुढे आलं तरी घुमार लक्षणीय उतरतो. खोलीच्या बरोबर मध्यावर मात्र बसू नये. स्टुडिओ बांधणाऱ्यांच्या हिशोबात समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्के अंतर ही सुरुवातीची जागा धरतात. १५ फुटी खोलीत ती पावणेसहा फुटांवर येते. हा नियम देवाज्ञा नव्हे. तिथून फूटभर मागेपुढे सरकत ऐकावं आणि कान म्हणेल तिथे थांबावं.

सबवूफरची जागा ठरवण्याची युक्ती जरा गमतीची दिसते. सबवूफर उचलून आपल्या बैठकीच्या जागी ठेवायचा, खालच्या स्वरांची चाल असलेलं एखादं गाणं लावायचं, आणि आपण जमिनीलगत कान ठेवून खोलीच्या कडेने रांगायचं. जिथे सगळे स्वर सारखे आणि आटोपशीर ऐकू येतील, ती सबवूफरची जागा. यामागे पक्कं शास्त्र आहे: ध्वनीचा उगम आणि कान यांच्या जागांची अदलाबदल केली तरी ऐकू येणारं उत्तर तेच राहतं. हेल्महोल्ट्झ यांनी १८६० मध्ये मांडलेलं हे तत्त्व पुढे लॉर्ड रॅले यांनी विस्तारलं.

कोपरा ही सबवूफरची आवडती जागा समजली जाते, कारण तिथे तो सर्वांत मोठा वाजतो. तो मोठा वाजतो, कारण तिन्ही दिशांच्या मोडची शिखरं कोपऱ्यात एकत्र येतात आणि तिथला वूफर त्या सगळ्यांना एकदम जागं करतो. खर्च झेपत असेल तर एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन लहान घेऊन समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवावेत. हार्मन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये अनेक मांडण्या तपासून हीच मांडणी आणि चारही भिंतींच्या मध्यावर चार सबवूफर ठेवण्याची मांडणी उजवी ठरवली. दोन टोकांचे वूफर त्या दिशेच्या पहिल्या मोडला उलटसुलट ढकलतात, म्हणून तो उठत नाही. आणि आडव्या दिशेच्या पहिल्या मोडच्या ते खळग्यातच बसलेले असल्याने तोही उठत नाही.

उभ्या स्पीकरबाबत एक सावधगिरी हवी. स्पीकरमागची भिंत एक मीटरवर असेल, तर ८७ हर्ट्झच्या आसपास भिंतीवरून आलेला आवाज मूळ आवाजाला खोडतो आणि तिथे खड्डा पडतो. स्पीकर भिंतीच्या अगदी जवळ नेला तर हा खड्डा वर सरकतो, पण खर्ज एकूणच वाढतो. म्हणून स्पीकर पुढेमागे करताना काही इंचांचाही फरक कानाला कळतो.

मोजायचं असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे संगणकावरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सोबत मोजमापासाठी बनवलेला एक यूएसबी मायक्रोफोन लागतो. मोबाइलच्या माइकवर खालच्या स्वरांसाठी विसंबू नये. कोणता स्वर किती मोठा आहे हे आलेख दाखवतोच, पण त्यातला ‘वॉटरफॉल’ हा आलेख जास्त कामाचा, कारण कोणता स्वर किती वेळ रेंगाळतो ते त्यात दिसतं. आपण भागाकाराने काढलेले ३८, ५७ आणि ७६ तिथे लांब शेपट्या काढून उभे दिसले, की हिशोब पटतो.

गाद्या, रॉकवूल आणि फॉल्स सीलिंग

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळत नाही, अशी तक्रार होती. ती सोडवायचं काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. शेजारच्या सँडर्स थिएटरातल्या खुर्च्यांच्या उशा रात्री उचलून आणायच्या, सभागृहात मांडायच्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या, असा त्यांचा उद्योग चालला. उशा वाढल्या तसा साडेपाच सेकंदांचा घुमार सेकंदाच्या जवळ आला आणि आधुनिक ध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला. सबाइन यांचा मोजणीचा स्वर मात्र ५१२ हर्ट्झचा होता. उशांनी शोषला तो हा स्वर. ५७ हर्ट्झपुढे त्याच उशा हतबल झाल्या असत्या.

फोम, रॉकवूल, ग्लासवूल, कापूस असे सच्छिद्र पदार्थ हवेच्या हालचालीला घर्षण देऊन आवाज शोषतात. भिंतीला लागून हवा हलतच नाही, तिथे फक्त दाब बदलतो. ती सर्वांत जास्त हलते भिंतीपासून पाव लाटेवर. ५७ हर्ट्झसाठी ते अंतर पाच फूट झालं. दोन इंची फोम भिंतीवर चिकटवला तर तो झांजा, चिमटा आणि ‘स’कार खातो, खर्जाला हातही लावत नाही. खोली मंद होते आणि घुमार उलट उठून दिसतो. अंड्यांच्या ट्रेंचा तर एवढाही उपयोग नाही.

म्हणून खर्जासाठी जाडी लागते, आणि ती कोपऱ्यांत घालावी, कारण तिथे एकाच शोषकाला दोन-तीन दिशांचे मोड भेटतात. सहा इंच जाड रॉकवूल लाकडी चौकटीत बसवून, कापडाने मढवून, कोपऱ्यात तिरकं उभं केलं तर त्याच्यामागची पोकळीही कामी येते. शक्य असेल तर जमिनीपासून छतापर्यंत न्यावं. बसवताना मास्क आणि हातमोजे हवेत, आणि बाहेरच्या भिंतीपासून थोडं अंतर सोडावं. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात ओल धरलेलं रॉकवूल कुठल्याच कामाचं राहत नाही. यातलं काहीच जमत नसेल, तर घरातल्या कापसाच्या गाद्यांची चवड कोपऱ्यात लावून पाहावी. दोनतीन फूट जाडीचा कापूस हा चेष्टेचा विषय नाही.

खोल खर्जासाठी दुसरी जात आहे ती पडदा-शोषकांची. हवाबंद पोकळीवर पातळ फळी बसवली, की फळीचं वजन आणि आतली हवा मिळून एका ठरावीक स्वराला डोलू लागतात, आणि आत लोकर भरलेली असली तर ती ऊर्जा उष्णतेत जिरते. ९ मिलीमीटर प्लायवुड आणि मागे २० सेंटिमीटर पोकळी असा खोका ५७-५८ हर्ट्झच्या आसपास काम करतो. तो पहिल्या मोडच्या शिखरावर, म्हणजे भिंतीलाच लावायचा, त्यामुळे जागा फारशी जात नाही. खोका हवाबंद नसेल तर मात्र सगळा हिशोब फसतो.

आणि असा एक मोठा शोषक अनेक घरांत आधीच बसवलेला असतो: जिप्समचं फॉल्स सीलिंग. साडेबारा मिलीमीटर बोर्ड आणि वर १५ सेंटिमीटर पोकळी यांचा हिशोब ५० हर्ट्झच्या जवळ येतो. काम सुरू असतानाच त्या पोकळीत रॉकवूल पसरून घेतलं तर थोडक्या खर्चात खर्जाची मोठी सोय होते. स्क्रू मात्र घट्ट हवेत, नाहीतर छत खडखडायला लागतं. ही खडखड हा वेगळा रोग आहे: खिडकीची काच, कपाटाचं दार, शोकेसमधले चषक. संगणकावरून एकेक खालचा स्वर वाजवत फिरलं की चोर सापडतो आणि रबराच्या तुकड्याने गप्प होतो.

सबाइन यांनी शोषणाचं एकक ठरवलं होतं उघडी खिडकी, कारण बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. हॉलचं दार आणि स्वयंपाकघराकडचा पॅसेज उघडा ठेवला की खर्ज थोडा सैल होतो, तो त्यामुळेच.

ईक्वलायझर शेवटी

आजच्या रिसीव्हरमध्ये माइक लावून खोली ‘दुरुस्त’ करणारी सोय असते. ती कामाची आहे, पण तिचा क्रम शेवटचा. शिखर कापायला ईक्वलायझर चांगला. मोडवरचा स्वर नेमका तेवढाच कमी केला तर त्या जागी तो रेंगाळतोही कमी. खड्डा भरायला मात्र तो वापरू नये. १० डेसिबल वाढवायचे म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडून दहापट शक्ती मागायची, आणि ती त्या जागी पुन्हा खोडलीच जाते. शिवाय ही दुरुस्ती एका खुर्चीपुरती असते. शेजारच्या खुर्चीत ती बिघाड ठरू शकते.

शोषक लावले म्हणजे शेजारी सुखी झाले, असंही नाही. शोषण खोलीच्या आतला आवाज सुधारतं. आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून भिंतीचं वजन आणि फटींचा बंदोबस्त लागतो. खर्ज तर स्लॅबमधूनच प्रवास करतो. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण त्या मोजणीत वापरली जाणारी ‘ए’ पट्टी ६३ हर्ट्झचा स्वर २६ डेसिबलने कमी धरते. मीटरवर आकडा नियमात असतो आणि खालच्या मजल्यावरच्या काकांची झोप उडालेली असते. तेव्हा सबवूफरखाली रबराचे किंवा फोमचे पाय घालावेत आणि रात्री तो बंदच ठेवावा.

भिंत उभी राहण्याआधी

तयार फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ही सगळी मलमपट्टी करावी लागते. ज्यांचं घर अजून नकाशावर आहे, त्यांच्या हातात याहून चांगला उपाय आहे. उंची, रुंदी आणि लांबी यांचं १ : १.२६ : १.५९ हे प्रमाण ध्वनिशास्त्रात बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे. साडेनऊ फूट उंचीला ते लावलं तर खोली येते १२ बाय १५ ची. आपल्या पहिल्या हॉलपेक्षा रुंदी फक्त दोन फुटांनी वाढली, आणि मोड झाले ३८, ४८, ६०, ७६, ९५, ११४ आणि १२०. साठाच्या आसपासची जोडी फुटली, मधली मोकळी पट्टी भरली, ११४ वरचा ढीग उतरला. खर्ज तेवढाच राहिला, पण सगळ्या स्वरांत वाटला गेला. आर्किटेक्टशी बोलताना फरशीचा रंग आणि प्लगच्या जागा यांच्या आधी या तीन मापांना पाच मिनिटं द्यावीत. नंतर लाखभराचा अ‍ॅम्प्लिफायर आणूनही ही दोन फुटं विकत मिळत नाहीत.